पंखा अडला तर



आज आपण छताच्या पंख्याविषयी बोलणार आहोत. वाचनाच्या वर्गात पंखा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. पंख्याच्या वरच्या दांड्यापाशी एक लहानशी डबी असते. तिच्यावर काही आकडे छापलेले असतात. ते आकडे ज्याला वाचता येतात, त्याला दुकानदार काहीही माथी मारू शकत नाही.

आपल्या नागपूरकडचा उन्हाळा आम्ही तुम्हांला सांगायला नको. २३ मे २०१३ या दिवशी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. ३० मे २०२४ ला तर शहरातील एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले. सगळीकडे बोभाटा झाला. मग हवामान खात्याने तपासणी केली, तेव्हा यंत्रच बिघडलेले निघाले. म्हणजे आपल्या उन्हाने यंत्रेसुद्धा चळतात म्हणायची!

रोहिणी नक्षत्र लागले की नवतपा सुरू होतो. त्या दिवसांत रात्रीही भिंती तापलेल्या असतात. घरात तान्हे मूल असते, म्हातारे माणूस असते. पंखा थांबला की पहिला त्रास त्यांना होतो. आता पंखा हवा थंड करीत नाही, हे ध्यानात ठेवा. तो अंगावरचा घाम वाळवतो. घाम वाळताना अंग गार होते. हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसत्या पंख्याचा उपयोग नाही, उलट गरम वाऱ्याने अंग तापते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून भर दुपारी पंख्याबरोबर ओले फडके हवे आणि पाणी पोटात हवे. पण संध्याकाळी आणि रात्री पंख्यासारखा सोबती नाही.

इंग्रजांच्या अमदानीत कचेऱ्यांत छताला कापडाचा लांब पंखा टांगलेला असे. बाहेर व्हरांड्यात एक गरीब माणूस बसून त्याची दोरी दिवसभर ओढी. साहेब वारा घेई आणि हा उन्हात बसे. पुढे १८८० नंतरच्या काळात अमेरिकेत फिलिप डील नावाच्या कारागिराने विजेची मोटार छताला टांगून तिला पाती लावली. आता तोच पंखा आपल्या घरी आहे. दोरी ओढणारा माणूस गेला, त्याच्या जागी वीज आली.

ही वीज पंखा कसा फिरवते?

पूर्वी घरोघरी जाते असे. अजूनही काही घरी असेल. दोन बाया समोरासमोर बसून दळत. खुंटा एकच. दोघींनी एकाच वेळी एकाच रेषेत ओढाताण केली, तर खुंटा नुसता मागेपुढे हलेल. जाते फिरणार नाही. एकीचा जोर थोडा आधी आणि दुसरीचा थोडा नंतर, आणि तोही वेगळ्या बाजूने लागला, म्हणजे जाते गरगर फिरते.

पंख्यात तसेच आहे. आपल्या घरातील वीज एका सेकंदात ५० वेळा पुढेमागे होते. पंख्याच्या मधल्या भागात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांचे दोन गट असतात. ही वेटोळी दांड्याला पक्की असतात, ती फिरत नाहीत. बाहेरचे भांडे पात्यांसकट फिरते. एका गटाला वीज सरळ मिळते. दुसऱ्या गटाला ती एका डबीतून मिळते. या डबीला कंडेन्सर म्हणतात. कंडेन्सरमुळे दुसऱ्या गटातील विजेचा जोर पहिल्याच्या थोडा आधी लागतो. झाल्या की नाही जात्यावरच्या दोन बाया?

आता हा कंडेन्सर मेला तर काय होईल? एकच बाई उरली. पंखा नुसता 'हूं' असा आवाज करील, पण जागचा हलणार नाही. हाताने ढकलला तर मात्र चालू लागेल. आणि गंमत अशी की डावीकडे ढकलला तर डावीकडे फिरेल, उजवीकडे ढकलला तर उजवीकडे फिरेल. कंडेन्सर पुरता मेला नसेल, नुसता थकला असेल, तर पंखा आपोआप सुरू होईल पण बैलगाडीसारखा चालेल. रेग्युलेटर पाचावर ठेवला तरी वारा लागणार नाही. पुष्कळ घरी असा पंखा दोन-दोन वर्षे चालवतात आणि म्हणतात, जुना झाला, आता असाच चालायचा. तो जुना झालेला नसतो. त्याची पन्नास-शंभर रुपयांची डबी जुनी झालेली असते.

काही घरी तर पंख्याजवळ एक काठीच ठेवलेली असते. बटण दाबायचे आणि काठीने पाते ढकलायचे. पोरे मोठ्या हौसेने हे काम करतात. हे फार वाईट. पंखा अडून उभा असतो तेव्हा वेटोळ्यांतून वीज जातच असते. वेटोळी तापतात. रात्री पंखा मध्येच थांबला आणि घरचे झोपेत असले, तर तारेवरचे लाखेसारखे आवरण जळते. मग डबीचे काम वायंडिंगवर जाते. कधी काठी फिरत्या पात्यात अडकून डोळ्यावर येते, ते वेगळेच.

आमच्या शाळेत एकदा परीक्षेच्या दिवसांत सातवीच्या वर्गातला पंखा अडला. दुरुस्तीवाला आला. त्याने खालूनच मान वर करून पाहिले आणि म्हणाला, "मोटार जळली जी गुरुजी. वायंडिंग करा लागते, नाहीतर नवा घ्या." आम्ही विचारले, "जळली तर वास कुठे आहे?" त्यावर तो काही बोलला नाही. आमचा शिपाई चांगला चौकस माणूस होता. त्याने मेन स्विच बंद केला, स्टुलावर चढून पंखा हाताने फिरवून पाहिला. लोण्यासारखा फिरत होता. मग त्याने वाटी खाली करून कंडेन्सर काढला, त्यावरचा आकडा कागदावर लिहून घेतला आणि सायकलने सीताबर्डीला जाऊन तसाच दुसरा आणला. मधल्या सुटीनंतर पोरे वाऱ्यात बसून गणिते सोडवीत होती. दुरुस्तीवाला लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. पण वायंडिंगमध्ये चार पैसे सुटतात. कंडेन्सरमध्ये काय सुटणार?

तर आता आपण घरच्या पंख्याची तपासणी कशी करायची ते पाहू. पण त्याआधी जिवाची गोष्ट.

पंख्याचे बटण बंद केले म्हणजे वीज बंद झाली, असे समजू नका. बटणाने फेजची तार तुटायला हवी. पण वायरिंग करणाऱ्याने घाईत उलटे जोडले असेल, तर बटण न्यूट्रलची तार तोडते. पंखा थांबतो, पण त्याच्यात वीज तशीच उभी असते. वर चढलेला माणूस हात लावतो आणि शॉक लागून खाली पडतो. कधी शॉकने मरतो, कधी पडून मरतो. म्हणून घराचा मेन स्विच बंद करावा, किंवा एम.सी.बी.ची कळ खाली करावी. फ्यूज असेल तर काढून खिशात ठेवावा. खिशात का? कारण कोणी शेजारी येतो, फ्यूज नाही हे पाहतो आणि मदत म्हणून लावून देतो! मग वर गेल्यावर पुन्हा तारांना टेस्टर लावून पाहावा. तो टेस्टर आधी चालू बोर्डावर लावून बघावा. मेलेला टेस्टर नेहमी 'वीज नाही' असेच सांगतो.

पाय ओले नसावेत. लाकडी स्टूल किंवा लाकडी शिडी घ्यावी आणि ती धरायला खाली दुसरे माणूस उभे करावे. खाटेवर डबा आणि डब्यावर पाट, असला डोंगर रचू नये. काम दिवसा करावे, कारण मेन स्विच बंद केल्यावर घरात दिवा नसतो.

कोणाला शॉक लागून तो तारेला चिकटला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा. तो लांब असेल तर कोरड्या लाकडाने माणसाला बाजूला सारा. मग १०८ नंबरला फोन करा.

आता तपासणी.

पहिली गोष्ट, दोष पंख्याचा की विजेचा? उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघरी कूलर लागतात, आणि रात्री शेतावरचे पंप चालू असले तर गावात विजेचा दाब कमी होतो. आपल्याकडे दाब २३० व्होल्ट असावा लागतो. तो फार उतरला की धडधाकट पंखाही हळू फिरतो. पूर्वी पिवळा बल्ब मंद झाला की हे कळत असे. आता घरोघरी एल.ई.डी. दिवे आहेत. ते दाब उतरला तरी बहुधा तेवढाच उजेड देतात, म्हणून त्यांची साक्ष खरी धरू नका. शेजाऱ्याचा पंखा बघा. त्याचाही हळू फिरत असेल, तर आपल्या पंख्याला बोल लावू नका.

मग रेग्युलेटर फिरवून पाहा. पंखा पाचावर चांगला फिरतो आणि खालच्या आकड्यांवर बंद पडतो, किंवा सगळ्या आकड्यांवर एकसारखाच पळतो, तर दोष रेग्युलेटरचा. पंख्याला हात लावायची गरज नाही. जुन्या काळचा मोठा चौकोनी रेग्युलेटर कोणाच्या घरी असेल, तर तो खुशाल बदलावा. तो पंखा हळू करतो, पण उरलेली वीज तापून वाया घालवतो. हात लावून पाहा, निखाऱ्यावरच्या तव्यासारखा लागेल.

पंखा अगदी मुका असेल, 'हूं' सुद्धा करीत नसेल, तर त्याच्यापर्यंत वीज पोहोचतच नाही. बहुधा बटण गेलेले असते, किंवा वरच्या वाटीतला तारेचा जोड सुटलेला असतो. पंखा रोज थरथरतो, त्याने पेच सैल होतात. मेन स्विच पाडून जोड पाहावा. जोड ठीक असूनही पंखा मुका राहिला तर आतली तार तुटली असेल. तिथे वायरमनला बोलवावे.

आता मेन स्विच बंदच ठेवून पंखा बोटाने ढकलून पाहा. तो सहज फिरून आपोआप थांबला तर ठीक. जड लागला, किंवा घरघर आवाज आला, तर बेअरिंग गेले. बेअरिंग म्हणजे पोलादी गोळ्यांचे कडे. त्याच्या कडेवरही नंबर कोरलेला असतो. आपल्याकडच्या साध्या पंख्यांत बहुधा ६२०१ आणि ६२०२ या नंबरांची कडी असतात. हे काम मात्र पंखा खाली उतरवून, दुकानातच करून घ्यावे. घरी हातोडीने ठोकून भांडे वाकवू नये. दुकानात देताना नंबर विचारून घ्या आणि जुनी कडी परत मागा. मग खरोखर बदलली की नुसते तेल सोडले, हे कळते.

जळका वास आला, वाटीजवळ काळे पडले, पंखा लावताच फ्यूज उडाला, तर वायंडिंग जळले असे समजावे. पंख्याच्या बटणापाशी किंवा रेग्युलेटरपाशी हाताला मुंग्या आल्या तर तो लगेच बंद करावा आणि जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. तिथे आपली हुशारी चालवू नये.

यांतले काहीच नाही, पंखा हाताने सहज फिरतो, वास नाही, पण वीज लावली की 'हूं' करून उभा राहतो किंवा रांगत चालतो? मग दहांतल्या बहुतेक वेळी कंडेन्सरच.

कंडेन्सर बहुधा दांड्याच्या खालच्या वाटीत असतो, काही पंख्यांत वरच्या. वाटीचा पेच सैल केला की ती दांड्यावर सरकते. आत तार निघालेली डबी दिसते. डबी फुगलेली किंवा फुटलेली असेल तर शंकाच नको. पण वरून चांगली दिसणारी डबीही आतून मेलेली असू शकते. सोडवल्यावर तिच्यात थोडी वीज साठून राहिलेली असू शकते. म्हणून तिच्या दोन्ही तारांची उघडी टोके रबरी मुठीच्या पकडीने एकमेकांना लावावी आणि मगच हाताळावी.

आता ती डबी उजेडात धरा. तिच्यावर इंग्रजी आकडे दिसतील. नोटांवरून आणि मोबाइलवरून हे आकडे तुम्हां सर्वांना ओळखू येतातच. बहुतेक साध्या ४८ इंची पंख्यांवर २.५ असते. काहींवर २.२५ असते, काहींवर ३.१५ असते. त्याच्यापुढे माइक्रोफॅरड या मापाची खूण असते. शेजारी ४४० व्होल्ट असे असते. आपल्या डबीवर जे असेल तेच घ्यायचे. दुकानदार म्हणेल, "मोठा नंबर घ्या, पंखा जोरात फिरेल." घेऊ नका. थोडे दिवस जोर वाटेल खरा, पण एका वेटोळ्यावर जादा बोजा पडून ते तापेल. आणि ४४० व्होल्टच्या जागी २५० ची स्वस्त डबी घेऊ नका. पंखा चालताना डबीवरचा दाब घरातील २३० व्होल्टच्या वर जातो.

हे फॅरड नाव कुठून आले, तेही सांगतो. इंग्लंडात मायकेल फॅराडे नावाचे थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. जन्म १७९१, मृत्यू १८६७. वडील लोहार. घरी गरिबी, शाळा जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरती. वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला. दुसरी मुले पुस्तके शिवत. हा शिवता शिवता ती वाचू लागला. विजेवरचा मजकूर त्याने तिथेच वाचला. पुढे १८२१ साली याच माणसाने विजेने तार गोल फिरवून दाखवली. आपल्या पंख्याचा तो आद्य पूर्वज म्हणावा. म्हणून विजेच्या साठ्याच्या मापाला त्यांचे नाव दिले आहे. माइक्रो म्हणजे दहा लाखावा भाग.

नवी डबी बसवताना दोन्ही तारा एकदम तोडू नका. जुन्या डबीची एक तार सोडा आणि त्याच जागी नवीची एक तार जोडा. मग दुसरी. म्हणजे घोटाळा होत नाही. मोबाइलवर आधी फोटो काढून ठेवला तर आणखी चांगले. या डबीला उलटसुलट बाजू नसते, तिची कोणतीही तार कोणत्याही टोकाला चालते. पण पंख्यातून तीन तारा बाहेर येतात, त्यांची अदलाबदल झाली तर पंखा उलटा फिरतो. कसे ओळखायचे? प्रत्येक पात्याची एक कड वर उचललेली असते. पंखा फिरताना ती कड पुढे पाहिजे. ती मागे राहिली तर वारा छताला लागतो आणि खाली माणूस घामाघूम. प्रत्येक जोडावर विजेची चिकटपट्टी नीट गुंडाळा. पिशवीचे प्लास्टिक बांधू नका.

वर चढलाच आहात तर आणखी दोन गोष्टी पाहा. दांडा हुकाला जिथे लटकतो, तिथे एक बोल्ट, एक रबराची गिट्टी आणि बोल्टातून ओवलेली एक खिळपट्टी असते. खिळपट्टीची दोन्ही टोके उलगडून वाकवलेली असली पाहिजेत. ती सरळ राहिली तर घरंगळून पडते, मग नट सुटतो, आणि एके दिवशी पंखा निजलेल्या माणसावर येतो. रबर झिजून चपटे झाले असेल तर बदला. टिनाच्या घरात पंखा ज्या आडव्याला टांगला आहे, त्याला वाळवी लागली नाही ना, तेही ठोकून पाहा.

दुसरी गोष्ट पात्यांची. आपल्याकडची धूळ पात्यांवर बोटभर बसते, आणि पात्याची धार बोथट झाली की वारा कमी होतो. ओल्या फडक्याने पुसा, पण पाते एका हाताने खालून धरून. जोर लावला की ते वाकते आणि पंखा डुलू लागतो. डुलणारा पंखा तपासायचा तर एक सरळ काठी घ्या. वीज बंद ठेवून एका पात्याच्या टोकापासून छतापर्यंतचे अंतर काठीवर खुणेने नोंदवा. मग पंखा हाताने फिरवून दुसरे पाते त्याच जागी आणा, मग तिसरे. तिन्ही खुणा एक आल्या तर ठीक. न आल्या तर वाकडे पाते सापडले. एका पंख्याचे पाते दुसऱ्याला लावू नका. तिन्ही पाती वजनाने जुळवलेली असतात.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे. अलीकडे रिमोटवर चालणारे, कमी वीज खाणारे पंखे आले आहेत. त्यांना बी.एल.डी.सी. म्हणतात. त्यांत ही डबी अशी नसते, छापील सर्किट असते. आम्ही सांगितलेली दुरुस्ती त्यांना लागू नाही. असा पंखा बंद पडला तर आधी रिमोटचे सेल बदलून पाहा, मग गॅरंटीचा कागद शोधा. हे पंखे महाग आहेत, पण हिशेब करून बघा. जुना पंखा ७५ वॅटचा धरा. रोज १६ तास चालला तर १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट. नवा ३० वॅटचा धरला तर महिन्याला साडेचौदा युनिटांच्या आत. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांची चिठ्ठी सक्तीची आहे. तारे पाचांकडे जातील तसा पंखा वीज कमी खातो. पण घरातला जुना पंखा डबी बदलून धड चालत असेल, तर तो फेकण्याची घाई नको.

सगळे बसवून झाले की खाली उतरा, स्टूल बाजूला करा आणि मग मेन स्विच लावा. पंखा एकावर सुरू करा, दोनावर, तीनावर, असा पाचापर्यंत न्या. दहा मिनिटे त्याच्या खाली न बसता बाजूला बसून ऐका. आणि एक सांगायचे राहिले. नवी डबी वाटीत ठेवण्याआधी तिच्यावर पेनाने महिना आणि साल लिहा. चार-पाच वर्षांनी तुम्ही किंवा तुमचा मुलगा ती वाटी उघडेल, तेव्हा डबी किती टिकली हे त्याला तिथेच वाचता येईल.